बापाच्या कापसाचा ग्रेड

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन बंदच होतं. आज लिहितोय त्याला कारण दिवाळीत आमच्या ओट्यावर घडलेला एक प्रसंग. माझं लिहिलेलं वाचणाऱ्यांत नातेवाईक बरेच आहेत, आणि त्यांतले चार-पाच जण त्या संध्याकाळी ओट्यावर होते. त्यांनी राग मानू नये. मानलाच, तरी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

दिवाळीत शिरड शहापूरच्या घरी सगळे जमतात. एरवी मी, सौ. आणि पलीकडच्या वाड्यात धाकटा भाऊ, एवढीच माणसं. त्या चार दिवसांत मात्र चपला ठेवायला जागा उरत नाही. माझा नातू दोन वर्षांपासून पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरीला आहे. इंजिनिअर झाला, पण काम खरेदी खात्यात. त्याच्या आत्यानं विचारलं, "नेमकं करतोस तरी काय रे?"

"प्रोक्युअरमेंट, आत्या."

"म्हंजे?"

"म्हणजे खरेदी. कारखान्याला लागणारा माल कुणाकडून घ्यायचा, काय भावानं, किती, कधी..."

"म्हंजे बाजार करतोस होय!" आत्या म्हणाली आणि सगळा ओटा हसला. तोही हसला.

इथवर ठीक होतं. मग आमचे एक सोयरे सरसावून बसले. त्यांचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. ते म्हणाले, "तुमच्या कंपनीला खोकी लागतच असतील. आपलं तेवढं काम लावून दे."

नातू म्हणाला, "काका, तुम्ही रीतसर नोंदणी करा, दर भरा. पण तुमची फाइल माझ्या टेबलावर आली तर मी ती साहेबांकडे देईन. नातं आहे असं लिहून."

"लिहून?" काकांचा चेहरा पडला. "म्हणजे घरचा माणूस म्हणून फायदा सोड, उलट आडकाठीच!"

मग एकेक जण बोलायला लागला. कुणी म्हणालं, दोन वर्षांत लई मोठा झाला. कुणी म्हणालं, गावाला विसरला. पोरगं उठून आत गेलं. फराळाची ताटं आली आणि विषय तिथंच राहिला. माझा धाकटा भाऊ कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होता. तो एक शब्दही बोलला नाही. तो का बोलला नाही हे त्या ओट्यावर फक्त मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी ३२ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कुणी भांडलं की मी वंशावळ काढायला बसतो, ही माझी जुनी खोड आहे. म्हणून आधी या 'बाजार करण्याच्या' धंद्याचा आपल्या भागातला इतिहास सांगतो.

'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्द माझ्या नोकरीपेक्षाही तरुण आहे. कीथ ऑलिव्हर नावाच्या एका सल्लागारानं तो १९८२ साली वापरात आणला. तेव्हा मला मास्तरकी करून काही वर्षं झाली होती. पण शब्द नवा असला तरी काम जुनं आहे, आणि ते आपल्या दारावरून गेलेलं आहे. आपल्या भागातले लमाणांचे तांडे आपण रोज पाहतो. रेल्वे येण्याआधी धान्य, मीठ, कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो कोस नेणारे हेच लोक. मोगलांची दख्खनमधली फौज त्यांच्या धान्यावर चालली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईची लढाई झाली. आसई आज जालना जिल्ह्यात आहे. त्या लढाईतला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याला तोफांइतकीच चिंता लमाणांचे बैल वेळेवर पोचण्याची असे. माल पोचला नाही तर शूर शिपाईही उपाशी मरतो, हे त्याला नीट कळलं होतं. आपल्या हिंगोलीला १९०३ पर्यंत निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. छावणी म्हटलं की दाणा, वैरण, लाकूड, कापड आलं. ते पुरवणारे ठेकेदार आले, तोलणारे आणि लिहिणारे आले. हे सगळं प्रोक्युअरमेंटच.

पण या धंद्याला नियम लावायला भाग पाडलं ते कापसानं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. कापसाला सोन्याचा भाव आला, आणि भावाबरोबर लबाडीही आली. गाठीत सरकी, माती, ओला कापूस भरला जाऊ लागला. शेवटी मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला आणि तपासनीस नेमावे लागले. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा पोचला. १८८६ साली कारंजाला नियम घालून दिलेला कापसाचा बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला हा असा पहिला बाजार समजला जातो. कारंजा म्हणजे आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच झाला. मापं खरी असावीत, अडत-दलाली ठरलेली असावी, भाव उघड व्हावा, एवढंच त्यात मागितलं होतं. हे 'एवढंच' मिळवायला किती पिढ्या गेल्या पाहा. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेले सौदे मी स्वतः लहानपणी पाहिलेत. ज्याचा माल, त्यालाच भाव शेवटी कळायचा!

आमचे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणत असू) खरेदी म्हटलं की वेगळंच सांगत. त्यांच्या लेखी सरकारी खरेदी म्हणजे लेव्ही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारनं धान्याची लेव्ही बसवली. घरात खायला असो-नसो, ठरलेली ज्वारी द्यायची. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, तरी 'खरेदी' हा शब्द ऐकला की दादांच्या कपाळावर आठी यायची ती कायमची. देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही तिथं खरेदी कसली, असं ते म्हणत. आज मला वाटतं, या धंद्याबद्दल मी ऐकलेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य तेच.

मग आलं १९७२. दुष्काळ. आमच्या पिढीला सुकडी आणि लाल मिलो ज्वारी आठवते. त्याच सुमारास महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२-७३ च्या हंगामापासून. मधे १९७३-७४ ला खंड पडला आणि पुन्हा सुरू झाली. आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण त्या काळात राज्यातल्या शेतकऱ्याचा कापूस एकट्या सरकारी यंत्रणेनंच घ्यायचा, व्यापाऱ्यानं नाही, असा नियम होता. राज्याबाहेर कापूस न्यायलाही बंदी. आधी हे काम मार्कफेडकडे होतं. १९८४ पासून कापूस उत्पादकांचा वेगळा पणन महासंघ झाला. हमीभाव आधी जाहीर व्हायचा. पीककर्ज चुकाऱ्यातूनच वळतं व्हायचं. पुढे रुई विकून जास्त पैसे आले तर शेतकऱ्याला वाढीव रक्कम मिळायची. गावोगावचा कापूस केंद्रावर यायचा. तिथून जिनिंगला जायचा, रुई आणि सरकी वेगळी व्हायची आणि रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधून गिरण्यांकडे जायच्या. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. हा एवढा मोठा पसारा एका राज्यानं पेलायचा ठरवलं होतं.

आणि या सगळ्या पसाऱ्याची किल्ली होती ग्रेडरच्या दोन अंगठ्यांत. गाडीतला कापूस उपसून बघायचा, चिमूटभर दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी पाहायची. मग पिवळेपणा, कवडी, पत्ती आणि ओल. दोन मिनिटांत प्रत ठरली की शेतकऱ्याचं वर्ष ठरलं.

माझा धाकटा भाऊ शेतकीची पदविका झालेला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो एका केंद्रावर हंगामी ग्रेडर म्हणून लागला. केंद्राचं नाव सांगत नाही. आमच्याकडून बैलगाडीनं एका रात्रीचं अंतर, एवढं पुरे. हंगामात दोन-दोन दिवस गाड्यांची रांग लागायची. लोक गाडीखालीच झोपायचे आणि भाकरी तिथंच भाजायचे.

एका हंगामात दादा स्वतः गाडी घेऊन गेले. त्या वर्षी वेचणीच्या मधेच पाऊस झाला होता. वरचा कापूस पांढराशुभ्र होता, खाली पावसात भिजलेला. दादांनी मुद्दाम तसं भरलं होतं की भरता भरता तसं झालं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. भावानं गाडीत हात घातला, तळातून मूठ काढली, धागा ओढला आणि सगळ्या गाडीला खालची प्रत दिली. रांगेतली पन्नास माणसं बघत होती. दादा म्हणाले, "मह्या कापसाला?" भावानं पावती पुढं केली. दादांनी ती घेतली, घडी करून टोपीत ठेवली आणि बैलं फिरवली.

त्यानंतर चार महिने दादा त्याच्याशी बोलले नाहीत. ताटावर दोघं शेजारी बसत. मायच मधे, "त्याला मीठ पाहिजे", "त्यांना पाणी दे" असं करत राही. पण एक गोष्ट मला पुढं गावातल्या दुसऱ्या माणसांकडून कळली. त्याच काळात दादा बाहेर लोकांना सांगत, "कापूस त्याच केंद्रावर न्या. तिथल्या पोरानं बापाला सोडलं नाही, तुमच्यावर अन्याय करणार नाही." पुढच्या हंगामात दादांनी स्वतः बसून कवडी वेगळी काढली आणि दोन गोण्यांत वेगवेगळा माल भरला.

ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. मी ती वर्गात कितीदा सांगितली असेल! त्या दिवाळीच्या रात्री जेवणं झाल्यावर मी नातवाला बाहेर बोलावलं आणि हीच गोष्ट पुन्हा सांगितली. म्हटलं, बघ, तुझ्या चुलत आजोबांनी प्रत्यक्ष बापाला सोडलं नाही, तू सोयऱ्यांच्या बोलण्यानं कशाला हिरमुसतोस? भाऊ शेजारीच बसला होता.

पोरगं सगळं ऐकून शांतपणे म्हणालं, "आबा, खरं सांगू? त्यांनी तो कापूस बघायलाच नको होता."

मला काही कळेना. त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे दरवर्षी लिहून द्यावं लागतं, माल पुरवणाऱ्यांत आपलं कोण नात्याचं आहे. असेल तर त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं आणि दुसऱ्यानं निर्णय घ्यायचा. तो म्हणाला, "नातेवाइकाला वरचा ग्रेड देणं चूक आहेच. पण पन्नास माणसं बघताहेत म्हणून खालचा दिला, तर तेही चूकच ना? त्यांनी शेजारच्या ग्रेडरला हाक मारायला पाहिजे होती."

मी भावाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा चिडणार. त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"बरोबर बोलतंय पोरगं," तो म्हणाला. "त्या दिवशी दुसरा ग्रेडर होता बाजूला. मी हाक नाही मारली. खाली माल भिजलेला होता हे खरं. पण दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी निम्मा माल वेगळा करायला लावला असता आणि वरच्याला वरची प्रत दिली असती. दादाला मी तेवढंही म्हणलो नाही. लोक बघत होते."

चाळीसहून जास्त वर्षं ही गोष्ट तो छातीत घेऊन बसला होता, आणि मी ती गोष्ट शौर्यकथा म्हणून पोरांना शिकवत होतो! इतिहासाच्या मास्तरला एवढंही कळू नये की गोष्ट सांगणाऱ्यानं पावती बघितली होती, गाडी बघितली नव्हती. दादा जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांना सांगायचं राहून गेलं, एवढंच भाऊ म्हणाला आणि उठून वाड्याकडे गेला.

आता राहिलेला इतिहास. एकाधिकार योजना पुढं तोट्यात गेली. भाव बाजार बघून न ठरता मतं बघून ठरू लागला. बाहेर भाव जास्त असला की आपला कापूस रातोरात आदिलाबादकडे जायचा, आणि इथं जास्त असला की बाहेरचा आत यायचा. चुकारे महिनोन् महिने थकायचे. २००२-०३ च्या हंगामापासून खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपला. त्याच २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि सगळं चित्रच बदललं. भाऊ हंगामी होता. हंगाम संपला की घरी. काही वर्षं एका जिनिंगवाल्याकडे माल पारखायला गेला, मग शेतीच करू लागला. अंगठ्यात एवढी विद्या होती, पण तिला ना पदवी होती ना पेन्शन.

नातवाचं तसं नाही, याचा मला आनंद आहे. या कामाला आज शिक्षण आहे, बढतीची शिडी आहे. माल-व्यवस्थापन करणाऱ्यांची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही संस्था १९७५ पासून आहे. नोकरी करता करता तिचा अभ्यासक्रम करायचा त्याचा विचार आहे. त्याला पहिले सहा महिने गोदामातच बसवलं होतं. माल मोजायचा, नोंदवायचा, सडलेला बाजूला काढायचा. तो कंटाळून फोन करायचा. मी म्हणायचो, काट्याजवळ उभा राहिल्याशिवाय कुणी खरेदीदार होत नाही. आता तो पुरवठादारांकडे जाऊन त्यांचे कारखाने बघतो, दर काढतो, करार लिहितो. छोट्या कारखानदाराचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं असा २००६ चा कायदा आहे. अशी बिलं अडू नयेत म्हणून तो हिशेबवाल्यांच्या मागे लागतो. मी त्याला म्हटलं, हे काम सगळ्यांत मोठं. आपल्या घरानं चुकाऱ्याची वाट बघितलेली आहे. वाट बघणाऱ्याच्या घरी त्या दिवसांत काय शिजतं, ते तुला माहीत असलं पाहिजे.

इकडेही काम बदललंय. कापूस हमीभावानं विकायचा तर आता ओल यंत्रावर मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ च्या वर घेत नाहीत. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. आमच्या भागात हळद वाढली. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता खरेदीदार नुसता रंग बघत नाही, कुरकुमीन किती ते विचारतो. यंत्र अंगठ्यापेक्षा खरं बोलतं यात शंका नाही. पण ओल मोजायचं यंत्र मालाच्या कुठल्या थरात घालायचं, हे अजून माणूसच ठरवतो. आणि तो माणूस आपल्यातल्याच कुणाच्या तरी घरचा असतो.

म्हणून सोयऱ्यांना आणि घरातल्या सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे. पोराला काम लावून दे म्हणू नका. खोकी चांगली असतील तर दर भरा, नमुना पाठवा, दुसरा माणूस तपासेल. मिळालं तर ताठ मानेनं घ्या. न मिळालं तर पोराशी बोलणं टाकू नका. आमच्या घरात चार महिने ताटावर जे झालं, ते पुन्हा कुठल्या घरात व्हायला नको. आणि पोरा, तूही एक कर. नाही म्हणायचं तेव्हा नाहीच म्हण, पण उठून आत जाऊ नकोस. समोर बसून, कारण सांगून म्हण. पावती पुढं करून गप्प राहणं सोपं असतं, ते आमच्या घरात एकदा करून झालं आहे.

ताजी बातमी अशी की खोकीवाल्या काकांनी परवा फोन करून नातवाला नोंदणीला कुठले कागद लागतात ते विचारलं. त्यानं यादी सांगितली आणि खाली नात्याचा रकाना आहे, तोही भरायला सांगितला. काका हसले म्हणे.

धाकटा भाऊ आज सकाळी हळदीच्या शेतात गेला आहे. जाताना म्हणाला, "ते सगळं लिहितोस तर माझं पण लिही." म्हणून लिहिलं.